घटनास्थळावरील अंगुलिमुद्रा : प्रकार, पारख आणि पुराव्याचे मोल

‘बोटांचे ठसे मिळाले’ असे तपासात म्हटले जाते तेव्हा दोन वेगळ्या जातींच्या ठशांची गाठ घालायची असते. एक म्हणजे माणसाला समोर बसवून, नाव-गाव लिहून, मुद्दाम घेतलेला नमुना ठसा. दुसरा म्हणजे घटनास्थळी नकळत उमटलेला ठसा. याला पोलिसांच्या बोलण्यात ‘चान्स प्रिंट’ म्हणतात. पहिल्याचा धनी ठाऊक असतो, दुसऱ्याचा शोधायचा असतो. दोन्ही एकाच बोटाचे आहेत असे ठसेतज्ज्ञाने सांगितले की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात न्यायालयात तो ठसा किती वजनदार ठरेल हे तो कोणाचा यापेक्षा तो कशात उमटला, कुठे सापडला आणि कोणाच्या हातून प्रयोगशाळेपर्यंत गेला यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच ठशांचे प्रकार समजून घेणे हा केवळ वर्गीकरणाचा खटाटोप नव्हे.

बोटांची पेरे, तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेवर बारीक कंगोरे आणि त्यांच्यामध्ये खोबणी असतात. गर्भावस्थेच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून ते घडू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची रचना कायम होते. आनुवंशिकतेचा त्यांच्या एकूण ठेवणीवर प्रभाव असतो. पण वाढत्या पेराचा आकार, त्यावर पडणारा ताण आणि गर्भातील इतर परिस्थिती यांमुळे बारकावे प्रत्येक बोटावर वेगळे होतात. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांचे डीएनए जवळपास सारखे असूनही ठसे वेगळे असतात ते यामुळेच. कंगोऱ्यांचा मूळ आराखडा त्वचेच्या आतल्या थरात असतो, त्यामुळे वरवर खरचटले किंवा भाजले तरी तीच नक्षी पुन्हा उगवते. जखम आतल्या थरापर्यंत गेली तर व्रण राहतो, आणि तो व्रणच पुढे ओळखीची नवी खूण होतो. अमेरिकी दरोडेखोर जॉन डिलिंजर याने ॲसिडने बोटे जाळून घेतली होती. १९३४ मध्ये तो मारला गेला तेव्हा उरलेल्या कंगोऱ्यांवरून त्याची ओळख पटली. गवंडी, चुना-सिमेंटवर काम करणारे मजूर यांची पेरे झिजतात, काही कर्करोगविरोधी औषधांनीही ठसे पुसट होतात, आणि जन्मतः कंगोरेच नसणारी अत्यंत दुर्मीळ माणसेही असतात.

नक्षीचे ढोबळ प्रकार तीन. कंगोरे एका बाजूने येऊन मध्ये उंच होत दुसऱ्या बाजूला गेले तर कमान. ज्या बाजूने आले त्याच बाजूला वळून परत गेले तर पाश. आणि मध्याभोवती वर्तुळासारखे फिरले तर चक्र. पाश सर्वांत जास्त आढळतात, सुमारे ६० ते ६५ टक्के. चक्रे ३० ते ३५ टक्के. कमानी जेमतेम ५ टक्के. हे प्रमाण पाहिले की नक्षीवरून कोणाला गोवता येणार नाही हे उघड होते. नक्षी जुळली नाही तर माणूस वगळता येतो, एवढाच तिचा उपयोग.

मात्र नमुना ठशांच्या लाखो पत्रिका लावून ठेवण्यासाठी ही ढोबळ वाटणी फार मोलाची ठरली, आणि त्या कामात बंगालचा वाटा मोठा आहे. तिथे अधिकारी असलेल्या विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा छाप घेतला. पुढे बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांवरील चक्रांच्या जागांना अंक देऊन पत्रिकांचे १०२४ गट पाडण्याची रीत बसवली. १८९७ मध्ये कोलकात्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मिळाले ते हेन्रींचे. तिचे गणित ज्यांनी मांडले त्या दोघांना सरकारी मान्यता मिळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली, आणि जगातल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ते अजूनही तळटीपेपुरतेच आहेत.

घटनास्थळावरचे ठसे तीन प्रकारचे मानतात: डोळ्यांना दिसणारे, मऊ पदार्थात रुतलेले आणि सुप्त. योगायोग असा की फौजदारी न्यायालयांच्या इतिहासातले सुरुवातीचे गाजलेले खटले या तिन्ही प्रकारांत विभागले गेले आहेत.

रक्त, शाई, रंग, ग्रीस, काजळी यांनी माखलेले बोट दुसऱ्या पृष्ठभागाला लागले की दिसणारा ठसा उमटतो. अर्जेंटिनातील नेकोचेआ येथे १८९२ मध्ये दोन मुलांचा खून झाला. दाराच्या चौकटीवर रक्ताचा ठसा होता. तो मुलांची आई फ्रान्सिस्का रोहास हिच्या अंगठ्याचा निघाला आणि तिने कबुली दिली. हुआन वुसेतिच यांनी तिथे बसवलेल्या ठसेपद्धतीचा हा पहिला मोठा विजय होता. त्यानंतर काही वर्षांनी बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि तिजोरी फोडली गेली. तिथल्या एका बंगाली पंचांगाच्या वेष्टणावर तपकिरी डाग सापडले. त्यांतला एक, पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याचा नमुना कोलकात्याच्या दप्तरी होता. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडले. ठसा त्याचा आहे आणि डाग रक्ताचे आहेत हे मान्य करूनही, खून त्यानेच केला असे एवढ्यावरून ठरत नाही, अशी ती भूमिका होती. ठशांच्या इतिहासात या निकालाची आठवण ‘पहिली शिक्षा’ म्हणून सांगतात. त्यातल्या निर्दोषत्वाच्या अर्ध्या भागाकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही.

दिसणाऱ्या ठशात पहिला प्रश्न असतो तो कोणत्या पदार्थात आहे हा. रक्ताने भरलेल्या बोटाचा ठसा आणि आधीच सांडलेल्या रक्तात नंतर टेकलेल्या बोटाचा ठसा यांचा अर्थ एक नाही. पुसट रक्तठसे अमिडो ब्लॅकसारख्या प्रथिने रंगवणाऱ्या द्रव्यांनी गडद करता येतात. पण ही द्रव्ये रक्ताव्यतिरिक्त इतर प्रथिनांनाही लागतात, तेव्हा तो डाग रक्ताचाच आहे याची चाचणी वेगळी करावी लागते. याच्या उलट प्रकारही आढळतो. धुळीने भरलेल्या फळीवर बोट टेकले तर कंगोरे धूळ उचलून नेतात आणि मागे उलटी प्रतिमा राहते. तिच्यावर ब्रश फिरवला की पुरावा गेलाच. तिथे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेणे हाच मार्ग.

दुसरा प्रकार रुतलेल्या ठशांचा. ओला रंग, खिडकीच्या काचेभोवतीची लांबी, साबण, मेण, लोणी, सीलची लाख अशा मऊ पदार्थात बोट दाबले गेले की खोलीसह साचा तयार होतो. १९०२ मध्ये लंडनच्या डेन्मार्क हिल भागात चोरी झाली, नुकत्याच रंगवलेल्या खिडकीच्या चौकटीवर अंगठ्याचा ठसा सापडला आणि त्यावरून हॅरी जॅक्सन या चोराला सात वर्षांची शिक्षा झाली. चोरीला गेलेला ऐवज होता बिलियर्डचे चेंडू. इंग्लंडमध्ये ठशावरून झालेली ही पहिली शिक्षा मानतात. रुतलेल्या ठशाचा एक मोठा गुण असा, की तो कधी उमटला याचा अंदाज बांधता येतो. रंग ओला असतानाच बोट लागले असणार. इतर ठशांना ही सोय नाही. मात्र असे ठसे कमी सापडतात आणि उन्हात वितळूनही जातात.

तपासातला मोठा भाग तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे सुप्त ठशांचा. तळहातावर फक्त घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांची तोंडे कंगोऱ्यांच्या माथ्यावर उघडतात. घामात बहुतांश पाणी, उरलेल्या अंशात क्षार, अमिनो आम्ले, युरिया असते. तेलकटपणा हाताचा नव्हे. चेहऱ्याला, केसांना हात लावल्याने तो बोटांवर येतो. या मिश्रणाचा जो पातळ थर वस्तूवर राहतो तो सुप्त ठसा. लहान मुलांच्या ठशांतली स्निग्ध द्रव्ये लवकर उडून जाणारी असतात, म्हणून मुलांचे ठसे मोठ्यांच्या मानाने लवकर नाहीसे होतात. अपहरणाच्या तपासात ही गोष्ट पोलिसांच्या विरुद्ध जाते. १९०५ मध्ये लंडनजवळ डेप्टफर्ड येथे दुकानदार फॅरो पती-पत्नीचा खून झाला तेव्हा रिकाम्या पेटीच्या आतल्या कप्प्यावर घामाचा ठसा मिळाला. तो आल्फ्रेड स्ट्रॅटनच्या उजव्या अंगठ्याशी जुळला आणि दोघा स्ट्रॅटन भावांना फाशी झाली. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असे १८८० मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिणारे हेन्री फॉल्ड्स या खटल्यात बचाव पक्षाच्या बाजूने बसले होते. एकाच बोटाच्या ठशावर माणसाचा जीव अवलंबून असू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

सुप्त ठसा दिसावा म्हणून काय करायचे हे पृष्ठभाग ठरवतो. काच, धातू, रंगवलेले लाकूड, चकचकीत प्लास्टिक अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर थर वरच राहतो, त्याला भुकटी चिकटते. गडद वस्तूला ॲल्युमिनियमची, फिकट वस्तूला काळी भुकटी वापरतात. चुंबकाच्या कांडीने फिरवायची लोहयुक्त भुकटी ब्रशच्या केसांनी होणारी इजा टाळते. मोजपट्टी ठेवून छायाचित्र आधी घ्यायचे आणि मग पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचलून कार्डावर लावायचा, हा क्रम चुकला आणि पट्टी फाटली तर हाती काहीच राहत नाही. प्लास्टिक पिशव्या, पिस्तुले, वाहनांचे भाग यांसाठी सायनोॲक्रिलेटची वाफ देतात, म्हणजे फेविक्विकसारख्या डिंकाची. ती ठशातल्या द्रव्यांवर पांढरा कडक थर धरते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांच्या प्रयोगशाळेत हा गुण लक्षात आला आणि काही वर्षांत जगभर पसरला.

कागद, पुठ्ठा, कच्चे लाकूड हे घाम शोषून घेतात. इथे भुकटी निकामी. अमिनो आम्ले कागदाच्या तंतूंना धरून राहतात आणि निनहायड्रिन या रसायनाशी संयोग झाला की जांभळा रंग येतो. सिगफ्रिड रूहेमान यांनी ही क्रिया १९१० मध्ये पाहिली होती; ठशांसाठी तिचा वापर सुचायला १९५४ साल उजाडले. वर्षानुवर्षांपूर्वीच्या कागदावरचे ठसेही तिने उठतात, म्हणून बनावट दस्तऐवज आणि खंडणीच्या चिठ्ठ्यांसाठी ती पहिली निवड असते. त्याहून संवेदनशील डीएफओ हे द्रव्य हिरव्या प्रकाशात ठसा उजळवते, पण ते निनहायड्रिनच्या आधी लावावे लागते. जुन्या काळचे सिल्व्हर नायट्रेट घामातल्या क्लोराइडवर काम करी. दमट हवेत क्लोराइड कागदात पसरते, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यासारख्या हवामानात त्यावर भिस्त ठेवता येत नाही. कागद भिजलाच असेल तर अमिनो आम्ले वाहून जातात. तिथे न विरघळणाऱ्या स्निग्ध अंशाला चांदीचे कण चिकटवणारी फिजिकल डेव्हलपर ही प्रक्रिया उरते, आणि ती नेहमी शेवटी करायची असते. विहिरीत किंवा नाल्यात टाकलेल्या हत्यारासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे सूक्ष्म कण असलेला द्रव वापरतात. चिकटपट्टीच्या चिकट बाजूला जेन्शन व्हायोलेट. एटीएमच्या पावतीसारखा उष्णतेने छापणारा कागद नेहमीच्या द्रावकांनी काळा पडतो, त्यासाठी द्रावक बदलावा लागतो. माणसाच्या त्वचेवरून ठसा मिळवणे आजही बहुतेक वेळा असाध्य आहे.

ठसा उचलण्याच्या घाईत डीएनए गमावला जातो, ही अलीकडची अडचण. एकाच ब्रशने दहा वस्तूंवर भुकटी फिरवली तर एकीवरच्या पेशी दुसरीवर जातात. कोणता पुरावा आधी घ्यायचा हे आता घटनास्थळीच ठरवावे लागते. हातमोजे घातले म्हणजे चोर सुटला असेही नाही. पातळ रबरी मोज्याच्या आतल्या बाजूस पेरांचे ठसे मिळतात, आणि चामड्याच्या मोज्यावर स्वतःच्याच सुरकुत्या असतात, त्यांचाही छाप पडतो. तळहाताच्या ठशांकडे जुन्या तपासात दुर्लक्ष झाले, कारण जुळवायला नमुनेच घेतले जात नसत.

नमुना ठसे दहा बोटांच्या पत्रिकेवर घेतात. प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून, आणि शिवाय चारही बोटे एकत्र सपाट टेकवून. दुसऱ्या छापाने बोटांचा क्रम चुकला नाही ना याची खात्री होते. छापखान्याच्या काळ्या शाईची जागा आता बऱ्याच ठिकाणी स्कॅनरने घेतली आहे. घरातली माणसे, नोकर, पहिला पोहोचलेला हवालदार यांचे ठसे वगळण्यासाठी घ्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे, म्हणूनच टाळले जाणारे. मृताचे ठसे घेणे वेगळेच कसब आहे. पाण्यात राहिलेल्या प्रेताच्या हाताची वरची त्वचा मोज्यासारखी सुटते, आणि तज्ज्ञ ती स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून छाप घेतो.

आरोपीला ठसा द्यायला लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे काय, हा प्रश्न ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींपुढे आला. १९६१ मध्ये उत्तर मिळाले, नाही. ठसा हे शरीराचे लक्षण आहे, जबानी नव्हे. १९२० चा कैदी ओळख कायदा रद्द करून २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्याने डोळ्यांची बुबुळे आणि जैविक नमुन्यांपर्यंत मजल मारली, आणि नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. आयुष्यभर पुरेल इतकी ही मुदत आहे, आणि निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी खरोखर पुसल्या जातात का याकडे समाजाने लक्ष ठेवले पाहिजे.

जुळणीचे काम तीन पायऱ्यांत चालते. आधी नक्षी, मग कंगोरा कुठे संपतो, कुठे दुभंगतो, कुठे बेटासारखा तुकडा आहे हे बारकावे, आणि ठसा फार स्पष्ट असेल तर कंगोऱ्याची कड आणि घामाच्या छिद्रांच्या जागा. किती बारकावे जुळले की पुरे, याला जगात एकमत नाही. फ्रान्सच्या एडमाँ लोकार्ड यांनी १२ हून अधिक म्हटले; इंग्लंडने १९२४ पासून १६ चा आग्रह धरला आणि २००१ मध्ये सोडला; अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच अशा किमान आकड्याला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. आठ नेहमीचे फाटे आणि आठ दुर्मीळ बारकावे यांचे वजन सारखे नसते, हे खरे. पण आकडा काढून टाकला की उरते ते तज्ज्ञाचे मत.

संगणकाने शोध जलद केला, मत मात्र माणसाचेच ठेवले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘नाफिस’ प्रणाली २०२२ पासून राज्यांच्या नोंदी एकत्र शोधते. महाराष्ट्र पोलिसांची ‘ॲम्बिस’ बोटांसोबत तळहात, चेहरा आणि बुबुळेही हाताळते. यंत्र ‘हाच तो’ असे सांगत नाही, ते जवळच्या उमेदवारांची यादी देते. संग्रह जितका मोठा, तितकी विलक्षण सारखी पण वेगळ्या माणसाची बोटे यादीत येण्याची शक्यता जास्त. मार्च २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा एफबीआयच्या संगणकाने शोधला. २० जणांच्या यादीत चौथा असलेला ओरेगॉनमधील एक वकील तज्ज्ञांनी पक्का ठरवला आणि त्याला डांबले. स्पेनच्या पोलिसांना ते पटले नव्हते. त्यांनी तो ठसा अल्जिरियाच्या एका माणसाचा असल्याचे दाखवले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. दुसऱ्या तज्ज्ञाने पडताळले होते, पण पहिल्याचा निष्कर्ष ठाऊक असताना. २००६ मध्ये इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच तज्ज्ञांना त्यांनी पूर्वी जुळवलेलीच ठशांची जोडी ‘माद्रिदची चूक’ म्हणून दिली. चौघांनी आपले मत बदलले.

मग चुकीचे प्रमाण किती? १६९ तज्ज्ञांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वेगळ्या बोटांना एकच ठरवण्याची चूक ०.१ टक्के निघाली, आणि एकाच बोटाचे ठसे वेगळे ठरवण्याची ७.५ टक्के. म्हणजे निर्दोष माणूस अडकण्याची भीती कमी, गुन्हेगार निसटण्याची जास्त. पद्धत भक्कम आहे, अचूक नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या जसपाल सिंग खटल्यात अंगठ्याच्या ठशाचे शास्त्र चुकीला जागा न ठेवणारे मानले होते. आजच्या माहितीवर ते विधान तसेच उभे राहणे कठीण आहे.

ठसा सांगतो तो स्पर्श; स्पर्श कधी झाला आणि कशासाठी, हे तो सांगत नाही. सुप्त ठशाचे वय ठरवण्याची भरवशाची रीत अजून नाही. म्हणून बाजारात हाताळता येणाऱ्या बाटलीवरचा ठसा दुबळा आणि कुलूपबंद कपाटाच्या आतला ठसा जोरदार. बनवलेल्या ठशांचा धोकाही आता पुस्तकी राहिलेला नाही. जमीन-खरेदीच्या कागदांवरील अंगठ्यांवरून सिलिकॉनचे साचे करून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. वस्तूचा प्रवास सिद्ध झाला नाही तर खरा ठसाही पडतो. राजस्थानातील मोहम्मद अमान खटल्यात पितळी भांड्यावरचा ठसा आरोपीशी जुळला होता. पण ते भांडे पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहिले, सीलबाबत समाधानकारक पुरावा नव्हता आणि नमुना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय घेतला होता, म्हणून १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा नाकारला. दंडाधिकाऱ्याचा आदेश प्रत्येक वेळी अनिवार्य नाही, हे त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. सीलची आणि पंचनाम्याची अट मात्र कोणी सैल केलेली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ठसेतज्ज्ञाचे म्हणणे हे मत म्हणूनच दाखल होते. न्यायालयावर ते बंधनकारक नाही. सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, आणि राज्यांना ही तरतूद लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. त्या मुदतीत पुरेसे प्रशिक्षित ठसेतज्ज्ञ तालुक्यापर्यंत उभे राहिले नाहीत, तर ही तरतूद कागदावरच राहील.